सपुष्प वनस्पतींची बाह्यरचना
(शेतातील व रानातील झाडांवरून घ्यावयाचा पाठ)

परिसर अभ्यासाच्या व सामान्य विज्ञानाच्या पाठ्यक्रमात ‘वनस्पतीचे भाग’ हा घटक लहानमोठ्या अनेक इयत्तांत येतो. मूळ, खोड, पान, फूल, फळ व बी ही सहा नावे मुलांस लवकर पाठ होतात. तक्त्यावरील चित्रावर छडी ठेवली की सारा वर्ग एका सुरात उत्तर देतो. परंतु तोच तक्ता गुंडाळून ठेवावा, मुलांच्या हाती एक कांदा, एक बटाटा व एक रताळे द्यावे आणि यांतील मूळ कोणते असे विचारावे. बहुधा तिन्ही मुळेच ठरतात, कारण तिन्ही जमिनीखाली वाढतात. वास्तविक या तिहींपैकी मूळ एकच आहे. नाव पाठ होणे आणि वस्तू ओळखता येणे यांत केवढे अंतर आहे, हे या एका प्रश्नावरून ध्यानात येते.

या पाठाचा नव्याने विचार करण्यास आम्ही प्रवृत्त झालो ते एका मुलाच्या शंकेमुळे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत आम्ही पाचवीच्या वर्गास ‘फुलाचे फळ होते’ असे शिकवीत होतो. चैत्राचे दिवस होते. मागे बसलेला एक मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, मोहाचे फूल तर आम्ही रोज पहाटे वेचून आणतो. फूल आमच्या टोपलीत येते, मग झाडावर फळ कशाचे होते?” आम्हांस उत्तर सुचले नाही. जी फुले वेचायची राहतात त्यांची फळे होत असतील, असे काहीतरी सांगून आम्ही त्यास खाली बसविले. ते उत्तर चुकीचे होते. पुढे झाडाखाली उभे राहून फूल हाती घेतले, तेव्हा ही चूक आम्हांस कळली. तोवर परीक्षा आटोपली होती आणि तो मुलगा दुसऱ्या गावच्या आश्रमशाळेत गेला होता. त्यास देणे राहिलेले उत्तर या लेखात योग्य स्थळी दिले आहे. आपल्या वर्गातही असा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांचे उत्तर राहून जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

१. पाठाचे मुख्य सूत्र

वनस्पतीचा अवयव त्याच्या आकारावरून, रंगावरून किंवा तो जमिनीच्या वर आहे की खाली आहे यावरून ओळखू नये. तो त्याच्या जागेवरून ओळखावा. हे या पाठाचे मुख्य सूत्र होय.

जागेचा नियम सोपा आहे. खोडावर ठरावीक अंतराने पेरे असतात. पेराशी पान फुटते. पान व खोड यांच्या बेचक्यात एक कळी असते. तिलाच शेतकरी डोळा म्हणतो. या कळीतून पुढे फांदी तरी निघते किंवा फूल तरी येते. मुळावर मात्र पेर नसते आणि पानही नसते. एवढा नियम पक्का झाला म्हणजे अपरिचित झाडही मुलांस वाचता येते.

येथे एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. पुस्तकात ‘पेर’ म्हणजे जेथून पान फुटते तो सांधा आणि दोन पेरांमधला भाग म्हणजे ‘कांडे’. बोलण्यात मात्र उसाच्या वा ज्वारीच्या दोन सांध्यांमधल्या भागासही पुष्कळदा पेर म्हणतात. मूल घरचा अर्थ घेऊन वर्गात येते. त्यास चूक न म्हणता, उसावर बोट ठेवून पुस्तक कशास काय म्हणते ते दाखवावे.

कोणताही अवयव हाती आला की मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. (१) हा भाग कोठून निघाला आहे? (२) याच्यावर पेरे, पाने वा डोळे आहेत काय? (३) याच्या बेचक्यात काय आहे? हे तीन प्रश्न फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवावेत व पाठ संपेपर्यंत पुसू नयेत.

२. मूळ

मुळाचे दोन मुख्य प्रकार तूर व मका यांवरून शिकवावेत. दोहोंचे दाणे ओल्या गोणपाटात पाच-सहा दिवस ठेवले म्हणजे अंकुर दिसतात. तुरीचे पहिले मूळ तसेच खाली वाढत जाते व त्यास बाजूंनी उपमुळे फुटतात. हे सोटमूळ होय. मक्याचे पहिले मूळ फार वाढत नाही. खोडाच्या तळापासून सारख्या जाडीच्या अनेक मुळांचा झुपका निघतो. हे तंतुमूळ होय. मुळाच्या टोकाच्या किंचित मागे पांढरी लव दिसते. तीच मूलरोम; जमिनीतील पाणी व क्षार मुख्यत्वे तेथून आत घेतले जातात.

मूळ मुळापासूनच निघते असे नाही. ज्वारीच्या ताटाच्या खालच्या पेरांतून जाड मुळे निघून जमिनीत शिरतात व ताटास आधार देतात. वडाच्या पारंब्या फांद्यांतून खाली येतात. अशा मुळांस आगंतुक मुळे म्हणतात. ती जमिनीच्या वर दिसतात, तरी त्यांवर पेर नाही व पान नाही, म्हणून ती मुळेच होत.

तुरीचे रोप हलक्या हाताने उपटून पाहिले तर मुळांवर लहान गाठी दिसतात. मुले त्यांस कीड किंवा रोग समजतात. या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र वनस्पतीच्या उपयोगाच्या रूपात आणतात. तुरीच्या बेवडावर पुढचे पीक चांगले येते, हा शेतकऱ्याचा अनुभव येथे जोडून सांगावा.

३. खोड

खोडाचा पाठ उसावरून घ्यावा. शहादा तालुक्यात ऊस नाही असे गाव शोधावे लागेल. उसाच्या प्रत्येक पेराशी एक डोळा असतो आणि डोळ्याच्या पातळीवर सभोवार बारीक ठिपक्यांची पट्टी असते. त्या ठिपक्यांतून मुळे फुटतात व डोळ्यातून कोंब निघतो. म्हणूनच उसाची लागण बियांनी न करता टिपऱ्यांनी करता येते. ज्या तुकड्यावर डोळा नाही, तो कितीही लांब असला तरी त्यातून ऊस उगवणार नाही. मुलांना दोन कुंड्यांत हा प्रयोग करू द्यावा: एकीत डोळा असलेले टिपरे व दुसरीत नुसते कांडे. दोन-तीन आठवड्यांत कुंड्यांतील फरक मुलांच्या डोळ्यांपुढे येईल.

यानंतर कांदा, बटाटा व रताळे यांच्याकडे वळावे. बटाट्यावर डोळे आहेत. प्रत्येक डोळ्याखाली कमानीसारखी पुसट रेघ असते. ती तेथे असलेल्या खवल्यासारख्या पानाची खूण होय. डोळे एका टोकाकडे दाट होत जातात. पानाची खूण व तिच्या बेचक्यात कळी, म्हणून बटाटा खोड आहे. आले व हळद यांवरही पेरांची वलये स्पष्ट दिसतात, तीही खोडेच. रताळ्यावर असे काही नाही, म्हणून ते मूळ. एखादे चौकस मूल म्हणेल की रताळ्यासही कोंब फुटतो. खरे आहे, परंतु तो पानाच्या बेचक्यातून निघत नाही, कोठूनही निघतो. कांदा उभा चिरून दाखवावा. तळाशी जी चपटी चकती असते ते खोड; तिच्या खालचे तंतू ही मुळे; आणि एकावर एक बसलेले जाड पापुद्रे ही पानांची बुडे होत. म्हणजे कांदा खातो तेव्हा आपण बहुतांशी पानेच खातो.

केळीचा उभा दांडा पाहून सर्वजण त्यास खोड म्हणतात. घड उतरवून तोडलेल्या केळीचा आडवा काप आणून वर्गात ठेवावा. एकात एक बसलेली सोपटे सुटी करता येतात. ही सारी पानांची बुडे आहेत. केळीचे खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. त्यावर डोळे असतात व त्यांतून पिले निघतात. निसवण्याच्या वेळी कंदाच्या शेंड्यातून फुलांचा दांडा सोपटांच्या मधून वर चढतो व माथ्यावर बाहेर पडतो.

कपाशीच्या फांद्याही याच नियमाने वाचता येतात. खालच्या पेरांतून निघून सरळ वर जाणाऱ्या गळफांदीस थेट फुले लागत नाहीत. फळफांदी आडवी व नागमोडी जाते आणि तिच्या प्रत्येक पेराशी पानासमोर एक पाती असते. गळफांदी काढावी की ठेवावी याची चर्चा मुलांनी घरी ऐकलेली असते. ती चर्चा म्हणजे वनस्पतीच्या बाह्यरचनेचाच एक भाग आहे, हे त्यांस कळले की पाठ व शेत यांच्यामधला बांध निघून जातो.

४. पान

पानाचे तीन भाग सांगावेत: खोडास चिकटलेले पर्णतल, देठ व पाते. कित्येक झाडांत तळाशी दोन लहान उपपर्णे असतात. ती जास्वंदीवर सहज दिसतात. ज्वारीच्या पानास देठ नसतो, त्याचे पर्णतल खोडास म्यानासारखे वेढते. ज्वारी, मका व केळी यांच्या पानांत शिरा समांतर असतात, तर कापूस, तूर व पपई यांच्या पानांत त्यांचे जाळे असते. शिरांचे जाळे, सोटमूळ व दोन डाळिंब्यांचे बी ही लक्षणे सामान्यतः एकत्र येतात; तशीच समांतर शिरा, तंतुमूळ व एकाच दलाचे बी हीही. एका कागदावर तूर व मका यांची ही लक्षणे मुलांकडून समोरासमोर लिहवून घ्यावीत.

कडुनिंबाची डहाळी दाखवून यावर पाने किती असे विचारले तर मुले पर्णिका मोजू लागतात. येथे तिसरा प्रश्न उपयोगी पडतो. पर्णिकेच्या बेचक्यात कळी नसते. कळी असते ती सबंध देठाच्या तळाशी. म्हणून ज्यास आपण डहाळी समजतो ते एकच संयुक्त पान आहे. तुरीचे व पळसाचे पान तीन पर्णिकांचे. ‘पळसाला पाने तीन’ ही म्हण मुलांस ठाऊक असतेच. शास्त्राच्या भाषेत ते पान एक व त्याच्या पर्णिका तीन, एवढे सांगून ठेवावे. म्हणीस त्यामुळे बाध येत नाही.

काट्यांवरून एक चांगला तास घेता येतो. बाभळीच्या पानाच्या तळाशी दोन बाजूंस दोन काटे असतात. ते उपपर्णांच्या जागी आले आहेत. लिंबाचा काटा पानाच्या बेचक्यात, कळीच्या जागी असतो. फड्या निवडुंगाचा हिरवा मांसल भाग खोड असून त्यावरील काटे ही पाने आहेत. गुलाबाचा काटा तर सालीवर कोठेही असतो व अंगठ्याने दाबताच सालीसह निघून येतो. नाव एकच, परंतु घरे चार. बोचतात सारेच, मात्र कोणता काटा कशाचा, हे जागेवरूनच ठरते.

५. फूल

फुलाचा पाठ कपाशीवरून घ्यावा, कारण तिचे फूल मोठे असून भाग सुटे करण्यास सोपे आहे. अगदी बाहेर दातेरी कडांची तीन हिरवी पाने असतात. त्यांस छदे म्हणतात. शेतकरी जिला पाती म्हणतो ती या तीन छदांत मिटलेली कळी होय. त्यांच्या आत पेल्यासारखा लहान निदलपुंज. त्याच्या आत पाच पाकळ्यांचा दलपुंज. मध्ये पुष्कळ पुंकेसर असून त्यांचे तंतू जोडले जाऊन एक नळी झालेली असते, हा पुमंग. त्या नळीतून वर डोकावणारी कुक्षी, तिच्याखालचा कुक्षीवृंत व सर्वांत खालचा फुगीर अंडाशय मिळून जायांग होते. जास्वंदीच्या फुलातही अशीच नळी दिसते, कारण जास्वंद व कापूस एकाच कुलातील आहेत. अमेरिकन कपाशीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पांढरे असते व दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. एकाच झाडावर दोन रंगांची फुले कशी, या मुलांच्या प्रश्नाचे हे उत्तर होय.

तुरीचे फूल लहान असते, म्हणून त्याच्या घडणीसाठी वसंतात पळसाचे फूल घ्यावे. एक मोठी पाकळी ध्वज, दोन बाजूंच्या पंख व दोन जोडलेल्या पाकळ्यांची नौका. नौकेत दहा पुंकेसर, त्यांपैकी नऊ जोडलेले व एक सुटा. पळसाचे फूल पाहिल्यावर तुरीच्या फुलात हेच सारे मुले आपण होऊन शोधतात.

फुलात पुमंग व जायांग दोन्ही असतीलच असे नाही, हे पपईवरून शिकवावे. या विषयात शेतकऱ्याचा पैसा गुंतलेला असतो. ज्या वाणांत नर व मादी झाडे वेगळी असतात, त्यांत रोपावरून भेद कळत नाही. फूल येईपर्यंत थांबावे लागते. नराची फुले अरुंद नळीसारखी असून लांब लोंबत्या दांड्यांवर झुबक्याने येतात. मादीचे फूल मोठे, आखूड देठाचे, पानाच्या बेचक्यात खोडाशी बसलेले असते. पाकळ्या उलगडल्या की आत फुगीर अंडाशय व त्यावर पाच भागांची कुक्षी दिसते. अशा बागेत साधारणतः दहा मादी झाडांमागे एक नर ठेवून बाकीचे नर काढून टाकतात. आता आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या तैवानी संकरित वाणांत नर झाड नसते. द्विलिंगी व मादी अशी झाडे असतात. द्विलिंगी फुलाचे फळ लांबट होते, तर मादी फुलाचे गोलसर. मुलांनी बाजारात फळ पाहून ते कोणत्या फुलाचे हे सांगावे.

केळफुलाचेही असेच. एकेक तांबडे छद उचलले की त्याखाली फुलांची ओळ असते. दांड्यावर आधी येणाऱ्या ओळी मादी फुलांच्या. त्यांच्याच फण्या होतात. शेवटी टोकाशी राहतात त्या ओळी नर फुलांच्या. त्यांस फळ धरत नाही. म्हणून शेतकरी टोकाचे केळफूल मोडतो व घडाचे नुकसान होत नाही.

आता मोहाचे उत्तर. मोहाच्या कळीच्या बाहेर तांबूस लवेचा, चार दलांचा निदलपुंज असतो. त्याच्या आत जो रसाळ, फिकट पिवळसर, गोडसर वासाचा गोल भाग असतो, तो जोडलेल्या पाकळ्यांचा दलपुंज होय. पुंकेसर त्याच्याच आतल्या बाजूस चिकटलेले असतात. कुक्षीवृंत मात्र अंडाशयावर उभा राहून दलपुंजाच्या मधून बाहेर आलेला असतो. काम झाल्यावर रात्री व पहाटे दलपुंज पुंकेसरांसह सुटून खाली पडतो. निदलपुंज, अंडाशय व लांब कुक्षीवृंत झाडावरच राहतात, आणि त्या अंडाशयाचे फळ होते. वेचलेले फूल हाती घेऊन पाहावे: ते दोन्ही बाजूंनी उघडे असते. तळाचे भोक म्हणजे कुक्षीवृंत जेथून गेला होता ती जागा. म्हणजे टोपलीत येते ते सबंध फूल नव्हेच; तो फुलाचा एक भाग आहे. खाली पडलेले फूल वेचल्याने फळाची हानी होत नाही. म्हणूनच एकाच झाडापासून चैत्रात फुले मिळतात व पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी तेलबीही मिळते. ‘फुलाचे फळ होते’ या वाक्यात आमची चूक होती. ‘फुलातील अंडाशयाचे फळ होते’ असे आम्ही म्हणावयास हवे होते. त्या मुलाची शंका अचूक होती.

६. फळ व बी

फळ व बी यांतील भेदही जागेनेच ओळखावा. फळावर दोन खुणा असतात: एका टोकास देठाची व दुसऱ्या टोकास कुक्षीवृंताची. बीवर एकच, जेथून ते फळास जोडलेले होते तेथली. मिरचीच्या देठाशी निदलपुंज अजून चिकटलेला असतो व दुसऱ्या टोकाशी कुक्षीवृंताची निमुळती जागा असते. म्हणून मिरची फळ, आतले चपटे दाणे बिया. तुरीची शेंग फळ, तूर बी. मक्याच्या कणसाचा एकेक केस एकेका दाण्यापासून निघतो; तो त्या दाण्याचा कुक्षीवृंत. ज्यास स्वतःचा कुक्षीवृंत आहे तो दाणा नुसते बी कसा असेल? मका, ज्वारी व गहू यांचा दाणा हे एकबीजी फळ असून फळाची साल बीस घट्ट चिकटलेली असते.

कपाशीचे बोंड हे फळ. ते वाळल्यावर तीन ते पाच कप्प्यांनी उकलते. कापसाचा धागा मात्र फळाचा नव्हे; तो बीच्या बाहेरील सालीवर वाढतो. त्यातील एकेक तंतू म्हणजे सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर लांब वाढलेली एकच पेशी होय. ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक नाही, तेथेही मुलांच्या बोटांत एक सबंध पेशी डोळ्यांस दिसेल अशी ठेवता येते, ही खानदेशच्या शिक्षकांस केवढी अनुकूलता आहे!

७. शिक्षकांच्या माहितीसाठी

जागेवरून अवयव ओळखण्याची ही रीत जुनी व कसोटीस उतरलेली आहे. जर्मन कवी गटे यांनी १७९० साली एका लहान पुस्तकात असे प्रतिपादिले की, निदल, पाकळी, पुंकेसर व स्त्रीकेसर हे सारे पानाचेच पालटलेले रूप आहे. पुढे १९९१ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, तीन गटांतील जनुकांच्या निरनिराळ्या मेळाने फुलाचे चार अवयव ठरतात. ती निकामी झाली तर फुलाच्या जागी पानांसारखेच अवयव येतात. याचा पुरावा शाळेच्या अंगणातील दुहेरी जास्वंदीत मिळतो: तीत अर्धी पाकळी व अर्धा पुंकेसर असे अवयव पुष्कळदा सापडतात.

मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा मोठा वर्णनग्रंथ पुण्याच्या सायन्स कॉलेजचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध केला. त्यातील झाडांची ओळख याच बाह्य लक्षणांवर आधारलेली आहे. साध्या भिंगाने व डोळ्यांनी नीट पाहिलेले किती टिकते, याचे हे उदाहरण होय.

८. पाठ घेताना

(१) भाषा. आपल्या वर्गात अहिराणी, गुजर, भिली, पावरी अशा निरनिराळ्या बोली बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. झाडाचे व अवयवाचे नाव प्रथम त्यांच्या तोंडून घ्यावे, ते फळ्यावर डावीकडे लिहावे व पुस्तकातील शब्द उजवीकडे लिहावा. जो शिक्षक मुलाचा शब्द पुसून आपला लिहितो, तो मुलाचे ज्ञानही पुसतो.

(२) काळजी. धोतरा व कण्हेर विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांस अपाय करतो. ही झाडे दुरून दाखवावीत. फवारणी झालेल्या शेतातील कपाशीची फुले मुलांस आणण्यास सांगू नयेत. पाठानंतर हात धुण्याचा नियम ठेवावा. एका वर्गास चार-पाच फुले पुरतात. झाड ओरबाडून पाठ होत नाही.

(३) हंगाम. सारा घटक एका आठवड्यात उरकू नये. जून-जुलैत तूर व मका यांची उगवण. ऑगस्ट-सप्टेंबरात मुळे, ऊस व कपाशीची पाती. दिवाळीच्या सुमारास तुरीचे फूल व कापसाचे बोंड. हिवाळ्यात कांदा, केळी, पपई व मिरची. फाल्गुन-चैत्रात पळस व मोह. अशा विभागणीने खरी वस्तू हाती येते व विकत घेण्याचे साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही.

(४) नोंद. मुलांनी चित्र पुस्तकातून न उतरविता समोरच्या वस्तूवरून काढावे. चित्र ओबडधोबड असले तरी चालेल. बेचक्यातील कळी मात्र त्यात दिसलीच पाहिजे.

९. परीक्षणासाठी प्रश्न

पुढील प्रश्न तोंडी व वस्तू हाती देऊन विचारावेत. उत्तराबरोबर कारण मागावे. कारणाशिवाय दिलेले उत्तर अपुरे समजावे.

१. आल्याचा तुकडा मूळ की खोड?
२. कडुनिंबाच्या या डहाळीत पान कोठे संपते व फांदी कोठे सुरू होते?
३. उसाचा कोणता तुकडा उगवणार नाही?
४. बोगनवेलीचा गुलाबी भाग पाकळी आहे काय? (त्याच्या मध्ये चिकटलेले लहान नळीसारखे फूल शोधावे. रंगीत भाग ही छदे होत.)
५. मोहाचे फूल टोपलीत आले, तर झाडावर काय राहिले?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ज्या वर्गात एखादे मूल झाडाखाली उभे राहून, फुलाच्या तळाचे भोक दाखवून देईल, त्या वर्गात हा पाठ झाला असे समजावे. आणि एखाद्या मुलाने आपणांस न सुचणारा प्रश्न विचारला, तर “उद्या झाडाखाली जाऊन पाहू” असे सांगावे व दुसऱ्या दिवशी खरोखरच जावे. तो मुलगा वर्गात आहे तोवरच हे साधते.